झडप कधी लावायची

तौनो : ते नको. खाली ठेव. त्याच्या शेजारचं घे.

लेम्पि : दोन्ही लाकडं बर्चचीच आहेत.

तौनो : बर्च आहे हे मलाही दिसतंय. सुकलंय का? दोन तुकडे एकमेकांवर आपट. ऐकू दे मला.

लेम्पि : हे घे. ऐकलंस?

तौनो : ठप्प वाजलं. ओलं आहे. सुकं लाकूड टणकन वाजतं. ओलं घातलंस तर अर्धी आग लाकूड वाळवण्यातच जाते, आणि आपण बसायचं कुडकुडत.

लेम्पि : टणकनच वाजलं. कानांवरची लोकरी टोपी काढ आधी, मग परीक्षा घे माझी.

तौनो : टोपी काढली तर कान गळून पडतील. घरात एवढी थंडी आहे आणि हिला चेष्टा सुचतेय. बरं, रच आता. कसं रचायचं?

लेम्पि : जाड खाली, बारीक वर. एक थर आडवा, एक उभा, मध्ये हवा खेळेल एवढी फट. अगदी वर ढलप्या आणि बर्चची साल. काडी वरून लावायची, खालून नाही.

तौनो : का?

लेम्पि : खालून लावली की सगळं सरपण एकदम तापतं आणि धूर न जळताच धुराड्यातून पळून जातो. वरून लावली की आग सावकाश खाली उतरते, आणि खालून येणारा धूर तिच्या तोंडी पडतो. आमच्या मास्तरांनी एवढे प्रश्न विचारले असते ना, तर मी पहिलीतच शाळा सोडली असती.

तौनो : पाठांतर चोख आहे. हातात उतरत नाही एवढंच.

लेम्पि : खाटेवर पडून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं!

तौनो : उठता आलं असतं तर तुला हाक मारली असती का मी?

लेम्पि : नसतीच मारलीस. लग्न होऊन आले त्या दिवशी काय म्हणालास, आठवतंय? गोठा तुझा, स्वयंपाकाची छोटी चूल तुझी, घर तापवायची ही मोठी चूल माझी. तिला हात लावशील तर बोटं मोडीन. सासूबाई हसल्या होत्या तेव्हा. आता गोठ्यात गाय उरली नाही, आणि म्हणतोस, चूल शीक.

तौनो : चूल बाबांनी बांधली. ज्यानं त्यानं आपल्या बापाची चूल सांभाळावी.

लेम्पि : मग आता माझ्या गळ्यात का घालतोस?

तौनो : का ते तुला ठाऊक आहे. रविवारी पिर्योचा फोन येईल. लेकीला मी शब्द दिलाय. माझ्या माघारी तुला एकटीला हे घर उबदार ठेवता आलं, तर तू इथेच राहशील. नाही आलं, तर ती तुला स्वीडनला घेऊन जाईल. रविवारी मी हो किंवा नाही सांगणार आहे. माझ्या डोळ्यांदेखत ठरू दे. मागाहून काय ठरतंय ते मला कुठलं दिसायला!

लेम्पि : मला नाही जायचं, तौनो.

तौनो : जायचं नसेल तर शीक.

लेम्पि : गेल्या खेपेला राहिले ना तिच्याकडे. चौथा मजला. खिडकीतून बघावं तर समोर दुसऱ्याची खिडकी. शेजारीण म्हणते 'हेय', मी म्हणते 'हेय', झालं, संपलं माझं स्वीडिश. आणि ऊब कुठून येते, तर भिंतीला चिकटलेल्या लोखंडी नळ्यांतून. कुणी पेटवली, कुठे पेटवली, काही पत्ता नाही. मी तिथे त्या नळ्यांकडे बघत मरायचं का?

तौनो : इथे गारठून मरण्यापेक्षा बरं. वसंतात टपालवाला येईल तेव्हा सापडशील. काडी लाव.

लेम्पि : लावली.

तौनो : धुराड्याची झडप पूर्ण उघडी ओढलीस ना?

लेम्पि : पूर्ण. ऐक, ढणढणा जळतेय. घोंगावतेय बघ कशी.

तौनो : घोंगावायला सगळ्यांचीच चूल घोंगावते. बाहेर जा आणि धुराडं बघ. चूल खोटं बोलेल, धुराडं नाही बोलत.

(लेम्पि अंगणात जाऊन येते.)

लेम्पि : बघितलं.

तौनो : एवढा वेळ? काय बघत होतीस?

लेम्पि : जरा गार वारा... धुराडंच बघत होते. धूर नाही. पांढरा नाही, काळा नाही. धुराड्यावर नुसती हवा थरथरतेय.

तौनो : नुसती हवा?

लेम्पि : नुसती हवा. छपरावरच्या बर्फावर काजळीचा ठिपकासुद्धा नाही.

तौनो : मग आग बरोबर लागलीय.

लेम्पि : तूच म्हणालास हं. लक्षात ठेव.

तौनो : आग बरोबर, सरपण तू म्हणतेस सुकं. मग घर गार का? आज दुसऱ्यांदा पेटवतेयस. बाबांनी ही चूल दिवसातून एकदा पेटवायला बांधली. सकाळी एकदा पेटवायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत विटांनी ऊब द्यायची. मी कधी दुसऱ्यांदा पेटवली होती?

लेम्पि : कधीच नाही.

तौनो : तुझी सकाळची ऊब गेली कुठे?

लेम्पि : असेल अजून विटांत. म्हणजे, थोडीफार.

तौनो : हात लावून बघू दे. खाट सरकव जरा. तिथे, चुलीच्या तोंडाच्या बाजूला. हं. हे बघ. कोमटसुद्धा नाही.

लेम्पि : काढ हात.

तौनो : थांब जरा.

लेम्पि : काढ म्हणते ना! काढ! राख लागलीय तिथे, चादरीला डाग पडेल.

तौनो : चादरीचं पडलंय हिला. तुझी गोम मला कळलीय. तू झडप उशिरा लावतेस.

लेम्पि : उशिरा?

तौनो : घाबरतेस. तुझ्या मावशीपासून घाबरलेली आहेस.

लेम्पि : माझ्या मावशीनं निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असताना झडप लावली. ऊब जाईल म्हणून घाई केली. सकाळी आम्ही दार फोडलं तेव्हा मावशी आणि दोन्ही पोरं निजल्यासारखी होती. गाल लालबुंद. मी बघितलंय, तौनो, तू नाही बघितलंस.

तौनो : मी कुठे म्हणतो निळी ज्योत असताना लाव? निळी असेपर्यंत हात लावायचा नाही. विषारी हवा घरात कोंडते. पण निळी गेली, निखारे काळे पडले, एकदा सळईनं ढवळून बघितलं, की लगेच लावायची. लगेच! तू त्यानंतरही बसून राहतेस, भीतीपोटी. तेवढ्या वेळात बाबांच्या विटांतली सगळी ऊब धुराड्यातून आभाळात जाते. तू आभाळ तापवतेस, लेम्पि.

लेम्पि : असेल.

तौनो : असेल नाही, आहे. कबूल कर.

लेम्पि : हो. मीच उशीर करते. भीती वाटते मला.

तौनो : आता बोललीस खरं. भिणाऱ्या माणसाला चूल येत नाही. मग पिर्योला काय सांगू मी?

लेम्पि : रविवारला अवकाश आहे.

तौनो : तोवर शहाणी होणार आहेस? पालथ्या घड्यावर पाणी. आणि भिंतीवरचा थंडी मोजायचा पारा कुठे गेला? नुसता खिळा दिसतोय.

लेम्पि : फुटला. झाडताना कुंच्याचा धक्का लागला.

तौनो : तोही फोडलास. छान. आणखी एक पांघरूण टाक माझ्यावर.

लेम्पि : अंगावर तीन आहेत.

तौनो : मग चौथं टाक. आणि ते काय, उघड्या दंडांनी हिंडतेस घरात? आजारी पडायचंय? मग आपल्या दोघांना कोण बघणार?

लेम्पि : काम करताना बाह्या मध्ये येतात. थांब, कुणीतरी पायरीवर बूट आपटतंय. तळ्यापलीकडची साइमि असेल.

साइमि : उघड गं, उघड लवकर! तळ्यावरून आले, नाक जागेवर आहे का बघ माझं. बाहेर पारा उणे बत्तीस. घसरगाडीचा दांडा धरवत नव्हता हातात. अगं बाई! हे काय!

लेम्पि : ये, बस. कॉफी टाकते.

साइमि : कॉफी राहू दे बाजूला. घरात काय घाम काढायची सौना लावलीय? माझ्या चष्म्यावर वाफ धरली, काही दिसेना मेलं. थांब, कोट काढते. स्वेटर काढते. हाही स्वेटर काढते.

तौनो : साइमि, चेष्टा करू नकोस. ही नवी शिकतेय. तिला हसलीस तर आणखी घाबरेल.

साइमि : चेष्टा कसली? माझ्या पाठीवरून घामाची धार चाललीय!

लेम्पि : तळ्यावरून चालत आलीस ना, म्हणून. बाहेरून आलं की असंच वाटतं.

साइमि : घसरगाडीवर उभी राहून आले, चालत कुठली? आणि लेम्पि, तुझं तोंड बघ, बीटासारखं झालंय. चुलीजवळ जरा हात... आई गं! भाजलं! अगं, हात टेकवत नाही या विटांना!

लेम्पि : साइमि, कोठीतून साखरेचा डबा आण बाई. वरच्या फळीवर आहे. जा, जा.

साइमि : जाते, जाते, ढकलतेस काय? कोठीत तरी जीव गार होईल.

तौनो : हिला काय झालंय? नेहमीच नाटकी बाई.

लेम्पि : तुला ठाऊकच आहे ती.

तौनो : भाजलं म्हणे. मी तर आत्ताच हात लावला होता.

लेम्पि : लांबून आली की हात बधिर होतात. बधिर हाताला कोमटसुद्धा कढत लागतं.

साइमि : साखर मिळाली. आणि हे बघा काय मिळालं! पिठाच्या डब्यामागे. मागच्या वेळी फुटला म्हणाली होतीस ना गं हा पारा? चांगला धडधाकट आहे की. कुठे काय ठेवते, हिचं हिलाच आठवत नाही.

लेम्पि : साइमि. तो परत ठेव.

साइमि : का? बघ तरी, काचेला चरासुद्धा नाही.

लेम्पि : परत ठेव म्हणते.

तौनो : नको. खिळ्याला लाव, साइमि. त्याच्या जुन्या जागी. मला दिसेल असा.

साइमि : लावला. पण आत्ता काय कळणार? कोठीत होता, जवळजवळ शून्यावर आहे.

तौनो : चढू दे. आपण कॉफी घेऊ. लेम्पि, कॉफी टाक.

लेम्पि : टाकते.

साइमि : मी काही बोलले का भलतंच?

तौनो : नाही. बोल तू. काहीतरी बोल. नेहमी बोलतेस ना.

साइमि : काय बोलणार बाई? माझं ठरलं. वसंतात मी चर्चच्या गावात जातेय, म्हाताऱ्यांसाठी घरं बांधलीत ना, तिथे खोली मिळाली. तळ्याकाठचं घर बंद. कोण रोज बर्फ उपसत बसणार? मांजर घेऊ देतील म्हणाले. लेम्पि, इथेच राहा म्हणून मीच सांगत होते तुला, आणि मीच चालले. रागावू नकोस गं.

लेम्पि : कशाला रागावू? गुडघे तुझे, तुला ठाऊक.

साइमि : येताना तुमच्या सरपणाच्या खोपटावरून आले. डावी बाजू पार रिकामी! मला वाटलं, विकलंत की काय. शरद ऋतूत छपराला टेकलं होतं रचलेलं.

तौनो : डावी बाजू? ती पुढच्या हिवाळ्याची होती.

साइमि : मला काय माहीत? मला फक्त रिकामी जमीन दिसली. आणि हे, चुलीच्या अंगाला ही भेग कधीची? वरपासून खालपर्यंत गेलीय. पूर्वी नव्हती ही.

तौनो : भेग? कुठे? लेम्पि, भेग आहे का?

लेम्पि : आहे.

तौनो : बाबांच्या चुलीला भेग.

लेम्पि : हो.

तौनो : कॉफी कडवट लागतेय मला. साइमि, पारा कुठवर आला?

साइमि : चढतोय. वीस. आता चोवीस. काय सरसर चढतोय मेला.

तौनो : थांबला की सांग.

साइमि : सत्तावीस. लेम्पि, तू रडतेस का गं? काय झालं? अगं, मी काय केलं?

लेम्पि : काही नाही केलंस. धूर गेला डोळ्यांत.

साइमि : धूर कुठाय इथे?

तौनो : साइमि. कितीवर आला?

साइमि : तीस. तिसावर थांबलाय.

तौनो : नीट बघ.

साइमि : नीटच बघतेय. तीस. मी... मी निघते आता. उजेड जायच्या आत तळं ओलांडायला हवं. स्वेटर कुठे टाकला मी? राहू दे, हाच आहे. तौनो, मला खरंच ठाऊक नव्हतं रे.

तौनो : मलाही नव्हतं. सांभाळून जा. दार घट्ट लाव.

लेम्पि : गेली. किती घाईनं गेली बिचारी. मफलर इथेच राहिला तिचा.

तौनो : सौनात सगळ्यात वरच्या, सगळ्यात गरम बाकावर कोण बसायचं, लेम्पि?

लेम्पि : तू.

तौनो : शेवटपर्यंत?

लेम्पि : शेवटपर्यंत. तुझा भाऊसुद्धा उतरून पळायचा. तू वर बसून म्हणायचास, आणखी एक तांब्या पाणी ओता तापल्या दगडांवर.

तौनो : आईचं आठवतं मला. ऐन उन्हाळ्यात गवत कापायचे दिवस होते, आम्ही उघड्या अंगानं कापत होतो, आणि आई लोकरीचे मोजे मागत होती. बाबा तिच्यावर चिडले, म्हणाले, नखरे करतेस. आठवड्यात गेली. थंडी घरात नव्हतीच. तिच्यातच होती.

लेम्पि : नको बोलूस.

तौनो : तुला कधी कळलं?

लेम्पि : पहिला बर्फ पडला तेव्हा. मी चूल अगदी तू सांगतोस तशी पेटवली होती. निळी ज्योत गेली, निखारे काळे झाले, एकदा ढवळलं आणि लगेच झडप लावली. मावशी आठवली, पण लावली. घर कसं छान तापलं. मला वाटलं, तू शाबासकी देशील. आणि तू म्हणालास, घर गार आहे, तुला जमलं नाही. मी पाऱ्याकडे बघितलं, चोवीस होता. मग तुझ्याकडे बघितलं.

तौनो : आणि पारा काढून पिठामागे ठेवलास.

लेम्पि : मग काय करू? तुला सांगू, की घर गरम आहे आणि तूच गार पडत चाललायस?

तौनो : म्हणून मला म्हणू दिलंस, तुला येत नाही म्हणून. भित्री म्हणालो, तेही ऐकून घेतलंस.

लेम्पि : तू मला शिकवत होतास ना. शिकवताना तुझा आवाज पहिल्यासारखा व्हायचा. मला शाबासकी दिली असतीस तर तुझं शिकवणं संपलं असतं. मग तू दिवसभर भिंतीकडे बघत पडला असतास.

तौनो : आणि रविवारी मी पिर्योला सांगितलं असतं की हिला घेऊन जा.

लेम्पि : हो.

तौनो : आणि तू गेली असतीस?

लेम्पि : गेले असते. 'हेय' म्हणायला शिकलेय ना मी.

तौनो : मूर्ख बाई.

लेम्पि : आहेच.

तौनो : पुढच्या हिवाळ्याचं सरपण जाळलंस. मी दोन वर्षं आधी कापून ठेवलं होतं ते. आता उन्हाळ्यात कापलेलं हिवाळ्यापर्यंत सुकणार नाही, आणि कापायला मी नसेन. बाबांच्या चुलीला भेग पाडलीस. साइमि पण चालली. तुला आता चूल येते, त्याचा काय उपयोग? काय पेटवणार आहेस तिच्यात?

लेम्पि : ठाऊक नाही.

तौनो : तू शहाणी असून असं का केलंस?

लेम्पि : तुला थंडी वाजत होती.

तौनो : ...आग कुठवर आली?

लेम्पि : निखारे झालेत. थोडी निळी ज्योत आहे अजून, डाव्या कोपऱ्यात.

तौनो : थांब मग. घाई नको.

लेम्पि : थांबलेय.

तौनो : रविवारी पिर्योला सांगेन, तुझ्या आईला येतं. माझ्यापेक्षा बरं येतं. मग ती नेते का तुला, का नाही, ते तुम्ही मायलेकी बघा. मी खोटं बोलणार नाही एवढंच.

लेम्पि : बरं.

तौनो : उद्यापासून दिवसातून एकदाच. सकाळी. मोजून.

लेम्पि : तुला थंडी वाजेल रे.

तौनो : ती वाजणारच आहे. ज्योत?

लेम्पि : गेली. काळे झाले निखारे. ढवळले. काही नाही आत.

तौनो : मग?

लेम्पि : लावली झडप.

तौनो : बरोबर वेळेवर लावलीस. आता ती खिडकी उघड.

लेम्पि : खिडकी? बाहेर उणे बत्तीस आहे, तौनो. सगळ्या फटींना मी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात. प्रत्येक शरदात तू स्वतः बोट फिरवून बघतोस, कुठे सुटलीय का म्हणून. हिवाळ्यात खिडकी उघडणारं माणूस घरात ठेवू नये, म्हणायचास.

तौनो : म्हणायचो.

लेम्पि : पट्ट्या फाडाव्या लागतील. फाडल्या तर पुन्हा नीट चिकटायच्या नाहीत, वसंत येईपर्यंत वारा येत राहील.

तौनो : फाड गं. किती उकडतंय तुला.